एकास पस्तीस

खोक्यात तोफेची नळीच नव्हती.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. स्प्रूंच्या जाळ्या, म्हणजे सुटे भाग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटी, ट्रॅकच्या काळ्या पट्ट्या, बारीक स्प्रिंगांची पुडी, ऑस्ट्रेलियन खुणांचे डीकॅल, म्हणजे चिकटवायची चित्रं, घड्या पडलेलं माहितीपत्रक. ज्या गृहस्थांकडून रणगाड्याच्या मॉडेलचं हे किट घेतलं त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "खोकं उघडलंय, पण हात लावलेला नाही." नसेलही लावला. नळी मात्र गेली होती. किट अर्ध्या किमतीत मिळालेलं, आणि परत पाठवायचा खर्च जवळपास तेवढाच. मी पोटापाण्यासाठी लोकांचे ताळेबंद जुळवते, त्यामुळे हा हिशेब उभ्या उभ्याच मिटवला आणि नळीचं काय करायचं ते नंतर बघू म्हटलं.

रणगाडा सेंच्युरियन. किट एएफव्ही क्लब या तैवानी कंपनीचं, एकास पस्तीस प्रमाणातलं. खोक्यावरचा रणगाडा मार्क ५/१ (मार्क म्हणजे आवृत्ती), म्हणजे ऑस्ट्रेलियन सैन्यानं व्हिएतनामला नेलेला. मला तो नको होता. मला हवा होता पूना हॉर्स या भारतीय रेजिमेंटचा मार्क ७, डिसेंबर १९७१ मधला. तसा तयार डबा काही माझ्या हाताला लागला नाही, म्हणून ऑस्ट्रेलियन रणगाड्याचा भारतीय करायचा असं ठरवलं. आमच्या छंदातली माणसं याला कन्व्हर्जन म्हणतात. आमच्या घरी याला चांगल्या वस्तूची मोडतोड म्हणतात.

मोडतोड अशी. ५/१ मधला तो तिरका एक म्हणजे पुढच्या उतरत्या कपाळावर चढवलेला जादा पोलादी पाटा. तो जाऊ द्यायचा. ऑस्ट्रेलियनांनी मागे इंधनाची एक जादा टाकी लटकवली होती, तीही नको. मूळचा सेंच्युरियन फार तहानलेला प्राणी. त्याच्या पोटात रोल्स रॉइसचं मीटिअर इंजिन, साडेसहाशे अश्वशक्तीचं, विमानांच्या मर्लिन इंजिनाचं जमिनीवर उतरलेलं भावंड. सुरुवातीचे सेंच्युरियन टाक्या भरून निघाले की रस्त्यावरून शंभरेक किलोमीटर जात आणि थांबत. पुण्याहून निघाला असता तर सुपं ओलांडून, नगर दिसायच्या आत बसला असता. ब्रिटिशांनी काही काळ त्याच्यामागे इंधनाची एकचाकी गाडी जोडून पाहिली. मार्क ७ करताना मग मागचा भागच नव्यानं आखला, आत जास्त इंधन मावेल असा. त्यामुळे इंजिनावरची झाकणं वेगळी, त्यांच्या रेषा वेगळ्या.

त्या रेषा मला बुजवून पुन्हा कोरायच्या होत्या. पुटी भरायची, चोवीस तास थांबायचं, चारशे नंबरचा पॉलिशपेपर, मग आठशे, मग बाराशे, तोही पाण्यात बुडवून. मग स्टीलची पट्टी धरून सुईनं रेघ ओढायची. हात घसरला की पुन्हा पुटी. रविवारचे सहा तास जातात आणि संध्याकाळी कुणी विचारलं, आज काय केलंस, तर दाखवायला एवढंच असतं की एक रेघ इथली तिथे गेली.

पस्तीसच का, असं मला नेहमी विचारतात. तीस का नाही, पन्नास का नाही? याचं उत्तर जरा हिरमोड करणारं आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी कंपनीनं जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटरीचे सेल मावले पाहिजेत, या बेतानं त्याचा आकार ठरला. प्रमाण मोजलं ते नंतर, आणि ते पस्तिसाच्या आसपास निघालं. पुढे सगळ्या जगानं तेच उचललं. म्हणजे आज माझ्या टेबलावर जो सेंच्युरियन उभा आहे, त्याची उंची साठ वर्षांपूर्वीच्या टॉर्चच्या सेलनं ठरवलेली आहे.

आणि हा पस्तीस आकडा दिसतो तितका साधा नाही. लांबी पस्तीस पटीनं कमी होते; वजन मात्र पस्तीस गुणिले पस्तीस गुणिले पस्तीस, म्हणजे ४२,८७५ पटीनं कमी व्हायला हवं. खरा सेंच्युरियन सुमारे बावन्न टनांचा. भागाकार केला तर माझा रणगाडा बाराशे ग्रॅमच्या थोडा वर भरायला हवा. माझा भरतो याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणूनच प्लास्टिकचे रणगाडे जमिनीवर ठेवल्यासारखे दिसत नाहीत, तरंगल्यासारखे दिसतात. मी आत शिशाचे तुकडे चिकटवले, तेव्हा कुठे तो खाली बसला. वजनकाट्यावर मी तो किती वेळा ठेवला हे घरात कुणाला माहीत नाही.

*

नगरला जायचं ठरलं ते रणगाड्याच्या बुरुजाच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या भागाच्या, पृष्ठभागासाठी. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण पुण्याच्या एसटी स्टँडवर अजून नगरच.) तिथे कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ सालचं. एरवी पुस्तकातच भेटणारी मंडळी तिथे उघड्यावर ओळीनं उभी असतात: मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, शर्मन, आपला विजयंता, युद्धात हाती लागलेला पॅटन, आणि बाकीच्यांच्या शेजारी खेळण्यातले वाटावेत असे छोटे जपानी. वडिलांना, म्हणजे अण्णांना, सोबत नेलं, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घरात बसून बसून ते सगळ्यांच्या चुका काढायला लागले होते.

अण्णा टर्नर. चाळीस वर्षं लेथवर काढली. आधी मुंबईत, मग भोसरीत. माझ्या छंदाबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत आणि चांगलंही बोलले नाहीत. एकदा फक्त माझ्या टेबलापाशी उभं राहून म्हणाले होते, "प्लास्टिकला काय, कसंही वळतं."

सेंच्युरियनपाशी मात्र ते थांबले. मी कॅमेरा घेऊन चाकं मोजत होते, एका बाजूला सहा, दोन-दोनच्या जोडीनं टांगलेली. ते मान वर करून बुरुजाकडे बघत होते.

"हे ओतीव आहे," ते म्हणाले. "वाळूच्या साच्यातलं. अंग बघ त्याचं. आणि वरचं छप्पर ओतीव नाही, प्लेट आहे, वेल्डिंग केलीये."

मी पुस्तकात वाचून हेच शिकले होते, दोन वर्षं घालवून.

"मग तुझ्या मॉडेलचं अंग गुळगुळीत का?"

याचसाठी तर आलो होतो. ओतीव पोलादावर वाळूच्या कणांचा ठसा राहतो, संत्र्याच्या सालीसारखा, पण सगळीकडे सारखा नाही. साचा जिथे जोडला तिथे उंचवटा, घासला तिथे सपाट. अण्णांनी बोटानं हवेत दाखवत मला तो बुरुज वाचून दाखवला: इथे साच्याची जोडरेषा, इथे ग्राइंडर मारलाय, इथे मारायचा कंटाळा केलाय. घरी येऊन मी पुटी थिनरमध्ये पातळ केली आणि जुन्या टूथब्रशनं बुरुजावर ठोकत ठोकत ती साल उठवली. कंटाळा केलेली जागासुद्धा.

तिथेच त्यांनी विचारलं, "नळीच्या मध्येच ते फुगलेलं काय आहे?"

सेंच्युरियनची ही तोफ वीस पौंडी म्हणून ओळखली जाते, तोंडाचा व्यास ८४ मिलिमीटर. आधीच्या नळीवर तो फुगवटा नव्हता. भारतानं घेतलेल्या मार्क ७ वर तो आहे. ते एक पोकळ कडं असतं, नळीच्या भोवती बसवलेलं, आणि नळीला आतून तिरकी भोकं असतात. गोळा पुढे जाताना मागचा दाबलेला वायू त्या भोकांतून कड्यात शिरतो. गोळा तोंडातून बाहेर पडला की नळीतला दाब एकदम उतरतो, मग कड्यातला वायू त्याच तिरक्या भोकांतून पुढच्या दिशेनं सुटतो आणि जाताना नळीतला सगळा धूर तोंडाकडे ओढून नेतो. नाहीतर मागची खिट्टी उघडली की तो धूर बुरुजात येतो.

अण्णांना एवढं पुरलं. "म्हणजे आतल्यांच्या नाकासाठी," ते म्हणाले.

"हो."

"किती जण आत?"

"चार. ड्रायव्हर पुढे उजवीकडे. बुरुजात कमांडर आणि गनर उजव्या अंगाला, गोळे भरणारा डावीकडे."

"आणि झाकणं बंद?"

"मारा सुरू असला की बंद."

त्यांच्या पहिल्या कारखान्यात ओतकामाचं खातं मशीनशॉपच्या भिंतीला लागून होतं, हे मला माहीत होतं. त्या भिंतीला खिडकी नव्हती, हे त्या दिवशी कळलं.

*

पूना हॉर्स हे नाव ऐकून पुण्यातल्या माणसाला उगाच घरचं वाटतं. तसं ते आहेही आणि नाहीही. १८१७ च्या पुणे करारान्वये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चानं जे घोडदळ उभं करवलं, तिथून या रेजिमेंटची सुरुवात. त्याच वर्षी ते घोडदळ कुणाच्या बाजूनं उभं राहिलं हे आपण शाळेत शिकलोय. दीडशे वर्षांनंतर त्याच रेजिमेंटच्या लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना १९६५ च्या युद्धात, आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना १९७१ च्या युद्धात परमवीरचक्र मिळालं. दोन्ही मरणोत्तर, दोघांचेही रणगाडे सेंच्युरियन.

माझा रणगाडा खेत्रपालांचा आहे. त्याचं नाव फमागुस्ता, सायप्रसच्या एका बंदराचं. मूळ रणगाडा नगरमध्येच, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे. मी त्याचे फोटो पाहिलेत. म्युझियममध्ये आम्ही ज्याच्याभोवती फिरत होतो तो त्याचा भाऊबंद.

परत येताना शिरूरला चहाला थांबलो, तिथे मी अण्णांना ती गोष्ट सांगितली. मला ती तारखांसकट पाठ आहे. खेत्रपाल पुण्यात जन्मले, १४ ऑक्टोबर १९५० ला. खडकवासल्याची एनडीए, मग डेहराडून, १३ जून १९७१ ला पूना हॉर्समध्ये दाखल. डिसेंबरात युद्ध सुरू झालं तेव्हा ते नगरलाच कोर्सला होते. कोर्स अर्ध्यावर टाकून रेजिमेंटकडे गेले. शकरगढच्या भागात रावीला मिळणारी बसंतर नदी आहे. ४७ इन्फन्ट्री ब्रिगेडनं तिच्या पलीकडे पाय रोवला होता, आणि इंजिनिअरांचं सुरुंग काढायचं काम अर्ध्यावर असतानाच पलीकडून पाकिस्तानी रणगाड्यांची हालचाल कळली. पूना हॉर्सचे सेंच्युरियन तसेच, न काढलेल्या सुरुंगांमधून पुढे गेले. १६ डिसेंबरला जरपालपाशी पॅटनांशी गाठ पडली. फमागुस्ताला गोळा लागून आग लागली. रणगाडा सोडायचा हुकूम आला. आपली तोफ अजून चालते आहे, असं खेत्रपालांनी वायरलेसवर कळवलं आणि सोडला नाही. दुसरा गोळा लागला. त्याच दिवशी तिकडे ढाक्यात शरणागतीवर सह्या होत होत्या. दुसऱ्या दिवशी पश्चिमेलाही युद्ध थांबलं.

अण्णांनी बशी खाली ठेवली. "पन्नासचा म्हणालीस?"

"ऑक्टोबर."

"मी एक्कावन्नचा. मार्चमधला." जरा वेळानं म्हणाले, "मी तेव्हा मुंबईत अप्रेंटिस होतो. काचांना काळे कागद चिकटवायचं काम आम्हा पोरांकडे होतं. खळ उरली की मजा यायची."

मग मी २००१ ची गोष्ट सांगितली. खेत्रपालांचे वडील, निवृत्त ब्रिगेडिअर एम. एल. खेत्रपाल, एक्क्याऐंशीव्या वर्षी आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरात ब्रिगेडिअर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी त्यांना घरी ठेवून घेतलं, फार अगत्य केलं, आणि शेवटी सांगितलं की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. ही गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे आणि सगळे 'अरेरे' किंवा 'काय माणसं' असं काहीतरी म्हणतात. अण्णा म्हणाले, "चल, उशीर होतोय."

*

आता एक कबुली. मूळ बेत फमागुस्ता जळताना दाखवायचा होता. आमच्या छंदात मोडलेल्या, गंजलेल्या, जळलेल्या रणगाड्यांना मोठा मान. रंग सोलवटलेला, पोलाद तापून करडं पडलेलं, भोकाच्या कडा वितळलेल्या. त्यासाठी वेगळी रंगीत पूड मिळते, काजळीची वेगळी, गंजाची तर चार छटांची. मी सगळी आणून ठेवली होती. एका उरलेल्या तुकड्यावर सरावही केला. सुई मेणबत्तीवर तापवली, भोक पाडलं, कडा आतल्या बाजूला वळवल्या, काजळी घासली, वर राखेची पुसट झाक दिली.

फार सुंदर दिसलं. खरंच सांगते, मी आजवर केलेल्या कामातलं ते सगळ्यात सफाईचं असेल. तो तुकडा मी दिव्याखाली फिरवून फिरवून बघत होते आणि एकदम लक्षात आलं की खूश होऊन बघतेय. आत चौघं होते. त्यातले सोवार नंद सिंग आणि खेत्रपाल परत आले नाहीत. पुड्या बंद करून खणात टाकल्या.

तेव्हा माझा रणगाडा १६ तारखेच्या सकाळचा आहे. सुरुंगांतून पार झालेला, अजून काहीही न लागलेला. मळलेला तेवढा आहे.

मळवणं हेही प्रकरणच. नगरहून मी डबीत माती आणली होती, खरी माती म्हणून. घरी चाळल्यावर चूक कळली. नगरची माती काळी, रेगूर. ओली झाली की डांबरासारखी. बसंतरकाठची गाळाची, फिक्या तपकिरी रंगाची. माझ्या भावनेखातर पंजाबात काळी माती कशी येणार? ती डबी तुळशीत रिकामी केली आणि फिकट पूड पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवून चाकांना लावली. बाजूचे पत्रे लावावेत की नाही, यावर आठवडा गेला. व्हिएतनाममध्ये ऑस्ट्रेलियनांनी ते काढूनच टाकले होते, कारण आत चिखल आणि झाडोरा अडकायचा. शेवटी एक पत्रा ठेवला नाही, बाकीचे ठेवले. याला पुरावा नाही, हा माझा निर्णय.

रंगावर तर मी कुणाशीच वाद घालत नाही. फौजी हिरवा म्हणजे नेमका कुठला हिरवा, यावर घरं मोडतील. शिवाय खऱ्या रणगाड्याचा खरा रंग डबीतून काढून मॉडेलला लावला तर तो काळपट दिसतो. वस्तू लांबून बघितली की हवेमुळे रंग विटतो, आणि एकास पस्तीस म्हणजे कायमचं लांबून बघणं. म्हणून हिरव्यात थोडा पांढरा, थोडा पिवळा. फमागुस्ता या नावाची इंग्रजीतली नऊ अक्षरं डीकॅलच्या कागदावर छापून घेतली. नऊपैकी तीन 'ए' आहेत आणि तिसरा किंचित तिरका बसलाय. आता बसलाय.

*

एवढं होईपर्यंत चार महिने गेले आणि रणगाड्याला तोफ नव्हती. बुरुजाला नुसतं भोक. अण्णांना विचारलं होतं. ते "बघू" म्हणत होते. एकदा म्हणाले, हात थरथरतो. एकदा म्हणाले, अशा बारीक कामाला कुणाचं मशीन अडवायचं. मी तयार नळी मागवायला निघाले, तेव्हा एका शनिवारी सकाळी शर्ट घालून दारात उभे. "पितळेचा गज घेतलाय. तुझं ड्रॉइंग घे."

भोसरीच्या त्या वर्कशॉपमध्ये मी कधी गेलेच नव्हते. दादा जायचा डबा द्यायला. मुलींनी तिथे जायचं नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी नेलंही नव्हतं. पन्नाशीला टेकले तेव्हा तिथल्या कूलंटचा, धातू कापताना सोडतात त्या पाण्याचा, तो आंबूस वास पहिल्यांदा तिथेच घेतला. एरवी तो फक्त अण्णांच्या कपड्यांना असायचा.

माझं ड्रॉइंग बघून ते हसले. मी मापं मिलिमीटरच्या दोन दशांशांपर्यंत काढली होती आणि टेपर, म्हणजे निमुळतेपणा, कुठून सुरू होतो तेच लिहिलं नव्हतं. बाहेर दिसणारी लांबी बारा सेंटिमीटर, तोंडाचं भोक ८४ भागिले ३५, म्हणजे २.४. "लांब आणि बारीक जॉब," ते म्हणाले, "टूल टेकलं की वाकणार. आधी भोक पाडू, मग दोन सेंटरमध्ये धरू." टेलस्टॉक, म्हणजे लेथचा मागचा आधार, केसभर बाजूला सरकवला, म्हणजे गज आपोआप निमुळता उतरत जाईल. लेथच्या चकला हात लागेपर्यंत त्यांचा हात थरथरत होता. मग मी बघायचं विसरले.

पहिली नळी त्यांनी स्वतःच बाद केली. फुगवट्याच्या पुढे तीन शतांशानं जास्त गेली होती. मी म्हटलं, अण्णा, रंगाखाली दिसणारही नाही. ते काही बोलले नाहीत, दुसरा गज लावला.

दुसरी उतरली. कापडानं पुसून त्यांनी माझ्या हातावर ठेवली, अजून गरम होती. मी ती डोळ्याला लावली आणि समोरच्या टोकाला शटरमधून येणारं ऊन दिसलं.

"अण्णा, आरपार पाडलंत? तोंडाशी एक सेंटिमीटर पुरलं असतं. मागचं टोक बुरुजात जातं, कुणाला दिसत नाही."

"नळी आहे ना?" ते म्हणाले. "दोन्हीकडून पाडलं, मध्ये जुळलंय बघ." मग फुगवट्यावर नख ठेवून विचारलं, "ती तिरकी भोकं इथेच ना? अर्ध्या मिलिमीटरचं ड्रिल मिळालं तर होतील."

ड्रिल अजून मिळालेलं नाही. ते दर आठवड्याला भोसरीत कुणाला तरी फोन करतात. बाद झालेली नळी त्यांच्या खिडकीत, चष्म्याच्या डबीशेजारी असते.